चहा : औषध, व्यापार आणि आपला कप

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं होतं, "काकू, तुम्ही औषधांतल्या, तेव्हा काहीतरी आरोग्यविषयक बोला, पण हलकंफुलकं असू द्या, लोक कंटाळतात." मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात औषधनिर्माती म्हणून काम केलं. खिडकीच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला रांग. त्यामुळे लोक कधी कंटाळतात ते मला चेहऱ्यावरून कळतं. तुम्ही जांभई द्यायला लागलात की मी थांबेन.

विषय चहाचा निवडला, कारण आपल्या सोसायटीत एकमत होणारी ती एकच गोष्ट आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेला कोरम नसतो म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते आणि चहा आला की कोरम पूर्ण होतो. गच्चीची गळती, पार्किंग, कन्व्हेयन्स, सिंकिंग फंड यांवर पंचवीस वर्षं भांडलो. पण चहा नको असा ठराव अजून कोणी मांडलेला नाही.

जुन्या सभासदांना आठवत असेल, ताबा मिळाला तेव्हा गॅस आला नव्हता आणि लिफ्टही बंद होती. सामान वर चढवून सगळे घामाघूम झाले होते. तेव्हा बांधकामावर राखणीला असलेलं जोडपं खाली पत्र्याच्या खोलीत राहत होतं. त्या बाईंनी तीन विटांच्या चुलीवर पातेलंभर चहा केला. त्यांच्याकडे ग्लास पाच आणि पिणारे आम्ही वीस-बावीस. एकाचं झालं की विसळायचा, दुसऱ्याला द्यायचा. आपल्या सोसायटीचा पहिला चहा तो. हे लक्षात असू द्या, शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता जरा लांब जाऊ, चीनमध्ये.

चहाचा जन्म सांगणारी एक दंतकथा आहे. शन्नोंग नावाचा एक राजा होता. शेती आणि औषधी वनस्पतींचं ज्ञान लोकांना त्यानं दिलं अशी चिनी लोकांची श्रद्धा, म्हणजे आपल्याकडच्या धन्वंतरीसारखा. तो प्रत्येक झाडपाला स्वतः चाखून बघायचा, आणि विषबाधा झाली की चहाचं पान चघळून उतारा घ्यायचा. दुसऱ्या कथेत उकळत्या पाण्यात वाऱ्यानं पानं पडली आणि चहा झाला. गोष्ट कुठलीही घ्या, तिच्यात चहा औषध म्हणूनच येतो, शौक म्हणून नाही.

हे झालं दंतकथेचं. पुरावा म्हणाल तर चीनमधल्या शिआन शहराजवळ हान घराण्यातल्या जिंग सम्राटाची समाधी आहे. हा सम्राट इसवी सनापूर्वी १४१ साली वारला. समाधीत त्याच्याबरोबर ठेवलेल्या वस्तूंमध्ये चहाच्या कोवळ्या पानांचे अवशेष सापडले आणि ते चहाचेच आहेत हे शास्त्रज्ञांनी २०१६ साली जाहीर केलं. म्हणजे एकवीसशे वर्षांपूर्वी राजा परलोकात जाताना चहापत्ती घेऊन निघाला होता.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा पुरावा. इसवी सनापूर्वी ५९ साली वांग बाव नावाच्या एका चिनी लेखकानं गुलामाच्या खरेदीचा करारनामा लिहिला. थोडा विनोदी ढंगाचा आहे. त्यात गुलामानं दिवसभरात काय काय करायचं याची लांबलचक यादी आहे : झाडलोट करायची, पाणी भरायचं, आणि चहा उकळायचा, बाजारात जाऊन चहा विकत आणायचा. चहा बाजारात विकत मिळत होता याचा अगदी जुना लेखी उल्लेख म्हणून अभ्यासक हा करार दाखवतात. माझं लक्ष मात्र दुसरीकडेच गेलं. चहाच्या खरेदीचा इतका जुना कागद आणि त्या कागदात चहा करणारा एक आणि पिणारा दुसरा! कामाची यादी आहे. पण त्या गुलामाला स्वतःला चहा मिळायचा की नाही, याचा त्यात उल्लेख नाही.

पुढे आठव्या शतकात, तांग घराण्याच्या काळात, लू यू नावाच्या माणसानं चहावर पहिला ग्रंथ लिहिला, 'चा जिंग'. हा लू यू अनाथ होता, बौद्ध मठात वाढला. झाड कसं असावं, पाणी कुठलं घ्यावं, उकळी कशी ओळखावी, भांडी कुठली, सगळं त्यानं लिहून ठेवलं. आपल्या घरी "पाणी आधी की दूध आधी" यावर वाद होतात. लू यू पाण्याचेच प्रकार लावतो : डोंगरातल्या झऱ्याचं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. टँकरचं त्याला ठाऊक नव्हतं, नशीब त्याचं.

चीनमधून चहा जपानला गेला तो भिक्षूंबरोबर. ध्यानाला बसल्यावर झोप येऊ नये म्हणून ते चहा पीत. एइसाई नावाचा झेन भिक्षू ११९१ साली चीनहून परतताना चहाचं बी घेऊन आला आणि १२११ साली त्यानं एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'चहा पिऊन आरोग्य राखणे'. त्याचं म्हणणं असं : शरीरात पाच मुख्य अवयव, त्यांना पाच चवी हव्यात. यकृताला आंबट, फुप्फुसांना तिखट, प्लीहेला गोड, मूत्रपिंडांना खारट आणि हृदयाला कडू. जपानी माणूस बाकीच्या चवी खातो, कडू खात नाही, म्हणून त्याचं हृदय दुबळं राहतं. तेव्हा चहा प्या. आपल्याकडे षड्रसांचा विचार आहेच, त्यामुळे हे ऐकायला ओळखीचं वाटतं. १२१४ साली तिथल्या तरुण शोगुनला रात्री मद्य जास्त झालं आणि सकाळी डोकं धरलं. एइसाईनं चहाचा पेला पाठवला आणि सोबत हे पुस्तकही पाठवलं. औषधाबरोबर माहितीपत्रक देण्याची पद्धत इतकी जुनी आहे!

तिकडे तिबेट आणि मंगोलियाच्या बाजूला वेगळाच प्रकार. तिथे भाजीपाला कमी आणि मांस, लोणी, दूध जास्त. अशा आहाराला चहा मानवला. चीनला लढाईसाठी घोडे हवे होते आणि तिबेटी लोकांना चहा. म्हणून १०७४ साली सोंग सरकारनं चहा-घोडे व्यापाराचं खास खातंच उघडलं. चहा दाबून त्याच्या विटा करायच्या, माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवर लादून डोंगर ओलांडायचे. पुढे या विटा कितीतरी ठिकाणी नाण्यासारख्या चालल्या. घोड्याचं दाणागोट्याचं खातं ऐकलं होतं. चहा देऊन घोडा घ्यायचा हे मला नवीन होतं.

शब्दाचाही प्रवास असाच आहे. चीनमध्ये बऱ्याच भागात 'चा' म्हणतात, पण फुजियान किनाऱ्यावरच्या बोलीत 'ते' म्हणतात. तिथून डच व्यापाऱ्यांनी माल नेला म्हणून युरोपात 'टी' झालं. खुष्कीच्या मार्गानं आणि पोर्तुगीजांच्या मकाव बंदरातून जिथे जिथे पोहोचला तिथे 'चा', 'चाय', 'चहा' राहिलं. म्हणजे जगातला कुठलाही माणूस या पेयाचं नाव घेतो तेव्हा ते कुठल्या वाटेनं आलं हे नकळत सांगून जातो.

आता इंग्लंड. १६६० च्या सुमाराला लंडनमधल्या टॉमस गारवे नावाच्या कॉफीगृहवाल्यानं चहाची जाहिरात छापली. मी ती वाचली तेव्हा मला आमच्या रुग्णालयाबाहेर बसणाऱ्या जडीबुटीवाल्याची आठवण झाली. डोकेदुखी जाते, खडा विरघळतो, जलोदर बरा होतो, स्मरणशक्ती वाढते, झोप येत नाही, पोट साफ होतं! सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्यानं त्याच वर्षी पहिल्यांदा चहा चाखल्याचं रोजनिशीत लिहिलंय. सात वर्षांनी तो घरी येतो तेव्हा बायको चहा करत असते. का, तर औषधविक्यानं सर्दीवर सांगितला म्हणून. तो औषधविक्या म्हणजे माझ्याच धंद्यातला माणूस, म्हणून ही नोंद मला फार आवडते.

हॉलंडमध्ये तर बोंटेको नावाच्या डॉक्टरानं १६७८ साली पुस्तकच लिहिलं. दिवसाला ५० कप चहा घ्यावा, प्रसंगी २०० कप घेतले तरी हरकत नाही असा त्याचा सल्ला. त्याला चहा आणणाऱ्या डच कंपनीकडून पैसे मिळाले होते असं म्हणतात. चौतीस वर्षांत औषध कंपन्यांचे प्रतिनिधी डॉक्टरांना कॅलेंडरं आणि पेनं वाटताना मी पाहिलेत. पद्धत काही नवीन नाही.

इथे एक वळण येतं. औषध थोडं लागतं, सवय रोज लागते. चहा औषधाच्या बाटलीतून बाहेर पडून रोजच्या किटलीत गेला आणि मग तो माल झाला. माल झाला की कर आला, चोरी आली, भेसळ आली. ब्रिटनमध्ये चहावरचा कर १०० टक्क्यांच्या वर गेला तेव्हा चोरटा व्यापार इतका वाढला की १७८४ साली सरकारनं कर साडेबारा टक्क्यांवर आणला. अमेरिकेत कराच्याच रागातून १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टन बंदरात ३४२ पेट्या चहा समुद्रात फेकला गेला.

ब्रिटिशांना चहा मिळायचा चीनकडून, आणि चिनी लोकांना ब्रिटिशांचा माल नको होता. ते चांदी मागायचे. चांदी संपत चालली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीनं तोड काढली : हिंदुस्थानात अफू पिकवायची, ती व्यापाऱ्यांमार्फत चीनमध्ये खपवायची आणि त्या पैशातून चहा घ्यायचा. एका देशाला तरतरी यावी म्हणून दुसऱ्या देशाला गुंगी द्यायची!

मंडळी, यात आपल्या मुंबईचाही हात आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभाईंनी चीनच्या कापूस-अफूच्या व्यापारात अमाप पैसा मिळवला आणि तो मुक्तहस्ते दानही केला. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय १८४५ पासून गोरगरिबांना औषध देतंय. चहाचा हिशोब असा गुंतागुंतीचा आहे. कुणाला चांगलं आणि कुणाला वाईट म्हणायचं, हे मला या वयातही पटकन ठरवता येत नाही.

१८३९ साली चीनचा अधिकारी लिन झेशू यानं अफूच्या २० हजारांहून जास्त पेट्या नष्ट केल्या. त्यानं ब्रिटनच्या राणीला लिहिलेल्या पत्रात एक गमतीचा मुद्दा आहे. आमचा चहा आणि रेवाचिनी मिळाली नाही तर तुमची माणसं जगू शकणार नाहीत, असं तो म्हणतो. परदेशी लोकांची पोटं त्याशिवाय साफ होत नाहीत अशी तिकडे खरोखर समजूत होती. औषध म्हणून चहाचं महत्त्व त्यानं जरा जास्तच धरलं. राणी घाबरली नाही, युद्धनौका आल्या. १८४२ साली चीन हरला आणि हाँगकाँग हातचं गेलं.

तोवर ब्रिटिशांनी चहा स्वतः पिकवायचं ठरवलं होतं. आसामात सिंगफो जमातीचे लोक चहाचं झाड आधीपासूनच ओळखत होते, त्याचा चहा करून पीत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस नावाच्या माणसाला ते त्यांच्याकडूनच कळलं, आणि ती गाठ घालून दिली मणिराम देवान या आसामी गृहस्थानं. पुढे १० जानेवारी १८३९ ला आसामच्या चहाच्या आठ पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला. मणिराम देवानांनी स्वतःचे मळे काढले. ते पहिले भारतीय मळेवाले. १८५७ च्या उठावात भाग घेतला म्हणून २६ फेब्रुवारी १८५८ ला त्यांना जोरहाटला फाशी दिलं. ज्यानं झाड दाखवलं त्यालाच फासावर चढवलं.

आणि मळ्यात राबायला माणसं कुठून आणली? छोटा नागपूर आणि आजूबाजूच्या भागातून, आदिवासी आणि गरीब शेतकरी. दलालांना 'आरकाटी' म्हणत. काहीबाही आमिष दाखवून अंगठा घ्यायचे आणि बोटीत भरायचे. करार मोडून पळाला तर मळेवाला त्याला स्वतः पकडू शके, कायद्यानंच तशी मुभा दिली होती. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत सुमारे ८५ हजार मजूर आसामात नेले, त्यांतले सुमारे ३० हजार १८६६ च्या मध्यापर्यंत दगावले होते. मी आकडा दोनदा वाचला. आपल्या सोसायटीत ७२ सदनिका आहेत. दर तीन माणसांमागे एक, या हिशोबानं तुम्हीच आजूबाजूला बघा.

यातला चहा गेला लंडनला. आपण अजून पीत नव्हतो. आपल्या आजी-पणजीच्या पिढीला चहा म्हणजे साहेबाचं पेय. आणि इथे आपल्या पुण्यातली गोष्ट येते.

ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. पुण्यातले नामवंत लोक होते : न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. झालं! ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा घेतला म्हणून सनातन्यांनी गहजब केला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्कार झाले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. पुढे रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहावरून पुण्यातली घरं दुभंगली. चहात दोष नव्हता, पान तेच, पाणी तेच. प्रश्न एवढाच होता की कप कुणाच्या हातचा.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे एक दलित सेवक होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच. पण गंगारामांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं, 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः रस्त्यात गाडी थांबवायचे, मोठ्यानं चहा मागवायचे, भर चौकात प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. राजाच पितोय म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणता येईल! महाराजांनी वटहुकूमही पुष्कळ काढले, पण हा एक कप मला त्यांतल्या कित्येकांच्या तोडीचा वाटतो.

चहा घराघरात पोहोचला तो मात्र कायद्यानं नव्हे, जाहिरातीनं. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पुढे जागतिक मंदीत माल पडून राहिला तेव्हा मळेवाल्यांना हिंदुस्थानातलं गिऱ्हाईक आठवलं. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याचे पत्रे लागले, गाड्या फिरल्या, बाजारात फुकट चहा वाटला. आपण मात्र त्यांची कृती ऐकली नाही. आपण दूध, साखर, आलं, वेलची घालून उकळला. कंपन्यांना ते आवडायचं नाही, कारण त्यात पत्ती कमी लागते! १९३०-३१ च्या सुमाराला आसामात पान चिरडून, फाडून, त्याचे गोळीसारखे दाणे करणारं सीटीसी यंत्र निघालं. त्यामुळे थोड्या पत्तीत कडक रंग यायला लागला आणि स्वातंत्र्यानंतर हा स्वस्त चहा सगळीकडे पोहोचला. मुंबईचं कटिंग आणि पुण्याचं अमृततुल्य या दाण्यावरच उभं आहे. आणि नाव बघा, 'अमृततुल्य'. सुंठ-वेलची घालून आपण चहाला पुन्हा औषधाच्या पंगतीत नेऊन बसवलं.

गांधीजींना चहा पटत नव्हता. १९४२ साली इथेच, आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना, त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. त्यात चहातल्या टॅनिनबद्दल सावध केलंय. त्यांचं सगळंच ऐकायला आपल्याला जमत नाही. पण यात थोडं तथ्य आहे, म्हणून माझ्या धंद्याचं बोलते आणि मग संपवते.

चहात खरोखर औषध आहे. १८८८ साली कोसेल या जर्मन शास्त्रज्ञानं चहाच्या पानांतून थिओफिलीन वेगळं काढलं. दम्याच्या रोग्यांना मी हजारो वेळा ज्या गोळ्या दिल्या त्यांत ते असायचं. अर्थात कपभर चहात ते इतकं थोडं असतं की त्यानं दमा बरा होत नाही, गोळी बंद करू नका. चहातलं कॅफिन तरतरी देतं, आणि १९४९ साली जपानमध्ये सापडलेलं थिॲनिन हे द्रव्य शांत वाटायला मदत करतं असं मानतात. आणि चहाचं सर्वांत मोठं औषधी काम कदाचित साधंच आहे : त्याच्या निमित्तानं माणसं पाणी उकळून प्यायला लागली.

आता तोटा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शरीरात शोषलं जाऊ देत नाही. आपल्या बायका जेवण झालं की लगेच चहा घेतात आणि मग हिमोग्लोबिन कमी म्हणून माझ्याकडे लोहाच्या गोळ्या मागायला यायच्या. कितीजणी ती गोळी चहाबरोबर घेतात ते विचारूच नका. जेवण आणि चहा यांत किमान एक तास ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर उत्तम. आजच्या भाषणातलं एवढं जरी कोणी पाळलं तरी माझं काम झालं.

आता शेवटचं, आणि हे जरा जड आहे. हलकंफुलकं बोलते म्हणाले होते, माफ करा.

हे सगळं वाचत असताना माझ्या घरात एक गोष्ट घडली. आमच्याकडे धुणं-भांड्याला येणाऱ्या बाई चौदा वर्षं येतात. त्यांचा चहाचा कप वेगळा. स्टीलचा, कडेला पोचा आलेला, बाल्कनीच्या खिडकीत पालथा. तो कोणी ठरवला? सासूबाईंनी ठेवला होता, मी पुढे चालू ठेवला. कोणी विचारलं असतं तर "छे, आम्ही असलं काही मानत नाही" असंच मी म्हटलं असतं. मे महिन्यात नात आली होती, सात वर्षांची. तिनं हौसेनं चहा नेऊन दिला, आमच्या रोजच्या कपात. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, तो नको, त्यांचा खिडकीतला." ती म्हणाली, "का गं आजी? त्यांना सर्दी झालीय का?"

चौतीस वर्षं औषधाच्या खिडकीत बसलेल्या बाईला उत्तर देता आलं नाही. सर्दी झालेली नव्हती.

मी तो कप भंगारात टाकला. मला वाटलं, झालं, सुटले. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी आमचा कप धुऊन खिडकीत वेगळा ठेवला. म्हणाल्या, "काकू, राहू द्या. मला माझा कप बरा होता." मला फार लागलं ते. मग कळलं की चौदा वर्षं आपण एखाद्याला एक जागा दाखवतो आणि एका सकाळी म्हणतो, आता इकडे बस. आपल्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी लगेच बसायचं का? आता तीन महिने झाले. आता त्या कप बाकीच्या कपांतच ठेवतात. चहा अजून ओट्याजवळ उभं राहूनच घेतात. मी बसा म्हणते, त्या म्हणतात, घाई आहे. आणि ते खरंच असतं, त्यांना अजून चार घरं असतात.

हे आज सगळ्यांसमोर सांगायचं कारण आहे. रौप्यमहोत्सवाच्या खर्चाची यादी खजिनदारांनी सूचना फलकावर लावली आहे. त्यात 'कप-बशी १५०, सभासदांसाठी' अशी एक ओळ आहे आणि खाली 'कागदी कप, स्टाफसाठी'. कोणी मुद्दाम वाईट हेतूनं लिहिलेलं नाही, मला माहीत आहे. माझ्या खिडकीतला कपही मुद्दाम ठेवलेला नव्हता. तो कायम तसाच असतो, म्हणून तसाच राहतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण वीस-बावीस माणसं राखणदाराच्या पाच ग्लासांतून चहा प्यालो. विसळून विसळून. तेव्हा त्या बाईंनी "हे सभासदांचे, हे आमचे" असं काही केलं नाही. त्यांच्याकडे होतं ते सगळं त्यांनी पुढे केलं. आज आपल्याकडे दीडशे कप आहेत.

माझी समितीला विनंती एवढीच आहे, ठराव वगैरे नको : ती खालची ओळ खोडा आणि वरच्या ओळीत २० कप वाढवा. वॉचमन, सफाईला येणारे, लिफ्टवाले, बागेतले काका, सगळे याच कपांतून पितील. खर्च जास्त होत असेल तर तेवढे माझ्या मेंटेनन्सच्या बिलात लावा. आणि कप धुवायला कोण, असा प्रश्न येईल तर पहिली पाळी माझी.

चहा थंड होतोय.

(ता. क. : हे भाषण छापायला देताना सेक्रेटरींनी कळवलं की यादीतली ती ओळ खोडली आहे. बिलात मात्र काही लावलेलं नाही. कप धुण्याच्या पाळीचं त्यांनी विसरू नये, मी विसरलेली नाही.)